बोटभर चांगलं लाकूड

वॉर्डातला दुपारचा पंखा कुरकुरतो आहे आणि मी गाउनखाली पॅन्ट घालून पडलो आहे. साडेचारची मालवण गाडी गाठायची. उद्या सकाळी ऑपरेशन, पण संमतीच्या कागदावर अजून मी सही केलेली नाही. डाव्या मूत्रपिंडात आवळ्याएवढी कर्करोगाची गाठ, आणि उजवं जुन्या खड्यांनी केव्हाच सुकलेलं. जन्मभर थापा मारल्या, ही एक मात्र थाप नाही.

डोळा जड होतो. पंख्याचा आवाज रंध्यासारखा येऊ लागतो, सलाईनचा खांब वाढत वाढत डोलकाठी होतो, आणि माझी खाट वाळूवर टेकू लावलेली होडी असते. खाली जगू मेस्त फळी तपासतो आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या सगळ्या होड्या त्यानेच दुरुस्त केल्या. त्याला जाऊन चार वर्षं झाली, पण बनियन तेच मळकं.

"खंय चाललंस, मेल्या?"

"मेलेला तू. मी घरी चाललोय."

"कित्याक?"

मी सांगतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, दुर्बिणीतून गाठ तेवढी काढू, मूत्रपिंड वाचवू. सुईने गाठ जाळतात, गोठवतातही; पण माझी मोठ्या रक्तवाहिनीला लागून आहे, तिथे सुई पुरी पडायची नाही. आणि गाठ काढताना रक्त आवरलं नाही, तर अख्खं मूत्रपिंड जाईल. मग कायमचं डायलिसिस.

"म्हणून म्हटलं, सहा महिने नुसती नजर ठेवू. काही जणांचं तसंही करतात."

"गाठ वाढता काय?"

"मागच्या तपासणीत सुपारीएवढी होती."

"मगे नजर कसली ठेवतंस?"

जगूला लाल लघवी व्हायची तेव्हा तो म्हणायचा, कोकम जास्त झालं. वर्षभर म्हणत राहिला. मीही हसून मान डोलावली होती.

होडीच्या पोटात उतरतो तर आत हिरव्या टाइल्स, डोक्यावर मोठा दिवा. जगूने तोंडाला फडकं बांधलंय. तो फळीवर हातोडी मारत जातो. ठण, ठण, थप.

"आवाज बसता, थंय कुज. पण कुज सरली म्हणून थांबायचा नाय. पुढचा बोटभर चांगला लाकूड काढायचा, मगे थांबायचा. बाकीची फळी होडीक होयी."

"आणि फळीच फुटली तर?"

"तर अख्खी काढूची. होडी बुडण्यापरीस बरी. डॉक्टरीणबाईक ह्या ठाऊक असा?"

"भोवतीची थोडी चांगली जागा घेऊ म्हणाल्या."

"मगे ती आमच्यातलीच."

फळीवर कापायची रेघ आखतात तशी तो गेरूत भिजवलेली दोरी माझ्या डाव्या कुशीवर ताणतो आणि सोडतो. टप्प. गार लागतं.

डोळे उघडतो. डॉक्टरीणबाई पेन घेऊन खाटेशी उभ्या.

"झोपलात? उद्याची बाजू मार्क करून ठेवते."

गाउन सरकवतात आणि थबकतात. डाव्या कुशीवर वीतभर लाल मातकट रेघ, सुतात धरल्यासारखी.

"हे कोणी केलं, काका?"

"आमच्या मेस्तांनी."

बाई रेघेवर बोट फिरवतात. बोट लाल होतं. त्या माझ्याकडे बघतात, मग फाइलीकडे.

"बाजू बरोबर आहे," त्या म्हणतात.

"तो कागद आणा," मी म्हणतो, "आणि चांगलं काढताना हात आखडू नका."

मी सही करतो. बाई रेघेला लागूनच पेनाने बाण काढतात.