काकूंचा ठणका

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी भाजीवाल्याशी झालेली कटकटसुद्धा सांगते.

मी इंदुरात डोळ्यांच्या एका दवाखान्यात काम करते. सकाळी मोतीबिंदूचं ऑपरेशन, दुपारी पेशंट घरी. दुसऱ्या दिवशी त्यांना फोन लावायचा, सगळं ठीक ना, खूश आहात ना, विचारायचं आणि त्यावरून दवाखान्याला मार्क टाकायचे — हे माझं काम. हिंदीवाले पेशंट बिनधास्त सुनावतात: चाय ठंडी थी, फालतू में बिठाके रखा. पण आपले मराठी लोक? त्यांच्याशी मराठीत बोललं की बस, संपलं! समोर आपल्यातलीच पोर आहे म्हटल्यावर तक्रार गिळून टाकतात. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि मी ते वापरायचे. माझे पेशंट सगळ्यात खूश, म्हणून मॅनेजर चारचौघांत शाबासकी द्यायचे. मला आवडायचं ते. खोटं कशाला बोलू?

इथल्याच, इंदुरातल्या लालबागकडच्या एक काकू होत्या. रिटायर्ड शिक्षिका, एकट्याच राहणाऱ्या. फोनवर म्हणाल्या, डोळा फार ठणकतोय गं, रात्रभर झोप नाही. असा ठणका ऐकला की पेशंटला तुरंत बोलवायचं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं. आणि मी? मी म्हटलं, "होतं हो काकू थोडंफार. बाकी खूश ना?" बिचाऱ्या वरमल्याच. हो गं, एकदम छान, म्हणाल्या. मी पूर्ण मार्क टाकले आणि पुढचा नंबर लावला.

त्या आल्या तोवर डोळ्यात पू झाला होता. त्या डोळ्याची नजर गेली.

डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच मला विचारलं — फोनवर काही बोलल्या नव्हत्या का? आणि मी — मेली जीभ तरी कशी रेटली माझी! — म्हटलं, "नाही सर. छान आहे म्हणाल्या."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "हो, मीच नीट सांगायला हवं होतं." मला सांभाळून घेतलं, की त्यांना स्वतःवरच शंका आली? विचारायची हिंमत मला कधीच झाली नाही.

त्या अजून तपासायला येतात. माझ्यासाठी घरचे शंकरपाळे आणतात. मी घेते. मुलं विचारतात, कुणी दिले? मी सांगते — आमच्या एक पेशंट आहेत, आमच्यावर फार खूश असतात.