मॅनेजर पाहिजे, बास्केटबॉलसाठी

भिलाईत भट्टीतून लोखंड निघायच्या आधी किस्से निघाले, बाप्पा! कारखाना अजून बांधून होत होता, पण एकेक साहेब असा की संध्याकाळी कॅम्प-१ मध्ये आम्ही चहा कमी अन् किस्से जास्त प्यायचो. मी सातवीपर्यंत शिकलो, तेही मास्तर कंटाळला म्हणून सोडलं. म्हणून मोठ्या लोकांचं शहाणपण मले समजत नाही, हसूच येते. सगळ्यात जास्त हसवलं ते बास्केटबॉलच्या मॅनेजरनं!

आमची टीम झकास होती. कप्तान वामन बांगडे, ताडासारखा उंच, पण टेम्पररी. त्याचं लग्न दुर्गच्या एका रेल्वे गार्डाच्या पोरीशी ठरलं होतं. सासरा म्हणे, "आधी परमनंट व्हा जावईबापू, मग मांडव." अन् भरती-बढती पाहणाऱ्या पर्सनल खात्याचे पाठकसाहेब म्हणाले, "टाटानगरच्या टूर्नामेंटचा कप आणा, मी तुझ्या परमनंटच्या ऑर्डरवर सही करतो."

झालं! पण मॅनेजरशिवाय टीमले जाता येत नव्हतं. तो निवडायले पाठकसाहेबानं कमिटी बसवली. कमिटीत एकानंही बास्केटबॉल पाहिला नव्हता.

*

पहिला उमेदवार सेफ्टीवाला. ग्राउंडवर आला, रिंगकडे वर पाहिलं अन् दोन पावलं मागे सरला.

"याच्याखाली पोरं उभी राहतात? वरून माल पडून राहिला ना! हेल्मेटशिवाय खेळ बंद!"

वामन म्हणाला, "साहेब, तो माल आम्हीच वर टाकतो."

"मग तर तुमच्यावरच कारवाई करा लागते!"

*

त्या काळी रशियन एक्सपर्टले विचारल्याशिवाय इथं खिळाही ठोकत नसत. मॅनेजर तर मोठी गोष्ट! पाठकसाहेब दुभाष्याले घेऊन गेले. रशियन गडी हसला. दुभाष्या म्हणाला, "ते म्हणतात, खेळाडूंनाच विचारा."

पाठकसाहेबानं मान डोलावली. "सूचना उत्तम आहे. पण खेळाडू कमिटीचे मेंबर नाहीत."

*

मग मी थोडी गंमत केली. कँटीनमध्ये हळूच सोडून दिलं, "मॅनेजरले रेल्वेचा फर्स्ट क्लासचा पास, बायकोसकट!" दुसऱ्या दिवशी पाठकसाहेबाच्या दारात लाइन! त्यात दोन डॉक्टर अन् एक भजनी मंडळाचा अध्यक्ष.

दुपारी मी पुन्हा सोडलं, "पण पोरांच्या घामट बनियानी मॅनेजरलेच धुवा लागतात म्हणे!"

लाइन गायब! एकटा अध्यक्ष उभा राहिला. त्याले कमी ऐकू येत होतं.

वामन माझ्यावर खवळला. "तुले गंमत सुचून राहिली अन् माझं लग्न बुडून राहिलं बे!"

*

शेवटी निवड केली ती ब्लेझरनं. मार्च संपला की पैसा परत जाईल, म्हणून मॅनेजरचा ब्लेझर आधीच शिवून घेतला होता, साहेबाच्या साळ्याच्या मापानं. साळ्याची बदली झाली. आता ब्लेझर होता, मॅनेजर नव्हता! मग उमेदवाराले प्रश्न विचारणं बंद. आला की ब्लेझर घालायचा. भजनी अध्यक्षाच्या बाह्या लोंबल्या, बाकी कोणाची बटणं लागेनात.

गेटवर हजेरी घेणाऱ्या टाइम ऑफिसचे दाणीबाबू सही घ्यायले आत आले. साहेबानं त्यांनाही घालून पाहिला. फिट!

"पण सर, मले खेळातलं काहीच समजत नाही."

"कमिटीलाही नाही. अभिनंदन!"

*

टाटानगरची फायनल. समोर तिथल्याच कारखान्याची टीम. आम्ही एका पॉइंटनं मागे, वेळ संपत आलेली. दाणीबाबू ब्लेझर घालून बाकावर डुलक्या घेत होते. चेंडू वामनच्या हातात, अन् तेवढ्यात वाजला तिथल्या कारखान्याचा भोंगा! शिफ्ट सुटली!

आता कामगाराचे पाय काही विचारून चालत नाहीत. समोरचे पाच जण वळले बाहेर. आमचे बाकीचे चारही, सगळे परमनंट, वळले. हात पुसत, डबा शोधत! रेफरी शाळेचा मास्तर, त्याले भोंग्याशी काय? तो खेळ थांबवेना. वामनही चेंडू आपटत आपटतच निघाला.

भोंग्यानं दाणीबाबूंची झोप मोडली. जन्म गेटवर माणसं अडवण्यात गेलेला! डोळे पुरते उघडायच्या आतच ओरडले,

"ए बांगडे! तू कुठं चालला? भोंगा परमनंटवाल्यांचा आहे! टेम्पररीनं काम संपवून जायचं!"

वामन दचकला. उलटा फिरला. समोर कुत्रंही नव्हतं. चेंडू आपटत सरळ गेला अन् टाकला रिंगमध्ये! दोन पॉइंट, एकानं जिंकलो!

कप आला. पाठकसाहेबानं वामनची ऑर्डर पुढे घेतली, पेन उघडलं अन् सगळ्यांसमोर विचारलं, "दाणीबाबू, तुम्ही मॅनेजर. याला परमनंट करायला तुमची काही हरकत?"

दाणीबाबूंनी ब्लेझरची कॉलर नीट केली.

"करा ना सर, खुशाल करा. फक्त पुढच्या फायनलले मले दुसरा एक टेम्पररी द्या!"