शिंप्याच्या दुकानासमोरची मोजणी

माझा धाकटा भाऊ पालिकेत वाहतूक इंजिनिअर आहे. कुठला सिग्नल किती वेळ तांबडा राहायचा ते तो ठरवतो. घरात भाजी कुठली करायची तेसुद्धा त्याला कुणी विचारत नाही. माणूस अगदी नाकासमोर चालणारा. रस्ता रिकामा असला तरी हिरवा दिवा लागेपर्यंत हलायचा नाही, आणि सोबतच्यांनाही उन्हात ताटकळत ठेवायचा.

तर आमच्या दारासमोरचा रस्ता रुंद झाला आणि गाड्या सुसाट सुटल्या. आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, काठी टेकत चालतात. समोरच्या शिंप्याकडे जाऊन गप्पा छाटायच्या, एवढंच काय ते सुख उरलं होतं. तेही गेलं. मी हात धरून नेते म्हटलं, तर मी काय कुकुलं बाळ आहे का म्हणून रुसले. दिवसभर खिडकीत बसून राहायचे, माझ्याशीही बोलेनात. माझा जीव तुटायचा.

धाकट्याला म्हटलं, बाबा रे, दारात एक स्पीडब्रेकर टाक. सख्खा भाऊ, पण तोंड असं केलं की जणू मी लाचच देऊ केली! म्हणे, गाड्या जोरात जातात याचा पुरावा लागतो. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण या शहाण्याला तोही मोजून हवा. मग त्याच्या माणसांनी रस्त्यावर काळ्या रबरी नळ्या आडव्या ठोकल्या. त्यावरून चाक गेलं की कडेच्या पेटीत वेग नोंदला जातो.

काही दिवसांनी धाकटा प्रसन्न चेहऱ्याने आला.

"ताई, तुझ्या दारासमोरच्या रस्त्याइतका शिस्तीचा रस्ता अख्ख्या शहरात नाही. स्पीडब्रेकर नामंजूर."

माझं पित्तच खवळलं. अरे, त्या नळ्या बघूनच लोक ब्रेक दाबतात! कुणाला उंचवटा वाटतो, कुणाला दंडाची भीती. पण हा आपला आकडे वाचत बसला. मी त्या आकड्यांचा उद्धार केला, याला शिकवून आईवडिलांनी काय मिळवलं तेही विचारलं. शेवटी ह्यांना साक्षीला घ्यावं म्हणून वळले, तर खुर्ची रिकामी.

आम्ही दोघं खिडकीशी धावलो. हे रस्त्याच्या मधोमध. एक ट्रक नळ्यांपाशी मंदावला, मागची रांगही मंदावली, आणि हे काठी टेकत, कुणाचीही पर्वा न करता पलीकडे पोचले. शिंप्याने मशीन थांबवलं, कपड्यांचा ढीग उचलून त्यांना स्टूल मोकळं करून दिलं.

धाकट्याने आकड्यांचा कागद घडी करून खिशात घातला. मग खाली गेला. मीही मागोमाग गेले. नळ्या काढायला आलेली माणसं वाकलीच होती. त्याने पेटी तेवढी सोडवून घेतली.

"नळ्या राहू द्या. मोजणी अपुरी आहे."

"पण साहेब, पेटीशिवाय मोजणी कशी होणार?"

"होईल," धाकटा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होता, कान लालबुंद झाले होते.

तेव्हापासून आमच्या रस्त्याची मोजणी चालूच आहे.