यादीत नसलेलं नाव

सकाळपासून पडद्यावर तीच लाल ओळ येत होती: अमुक पॅकेज सापडत नाही. तीन वाजता ग्राहकाला काम दाखवायचं होतं आणि प्रोजेक्ट सुरूच होईना. आम्ही मागवलेल्या बारा पॅकेजेसची, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडची, यादी मी पुन्हा पुन्हा वाचली. हे नाव तिच्यात नव्हतंच.

"हे आपण मागवलंच नव्हतं, मॅडम."

शेजारच्या वैदेही मॅडम म्हणाल्या, "आपण बाराच बोलावली रे. ती ज्यांच्या जिवावर चालतात, तो गोतावळा त्यांनी सोबत आणला. लॉक फाईल कुठंय?"

कुणाची कोणती आवृत्ती चालत होती, हे त्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. हजारो ओळींची ती फाईल मला अडगळ वाटली होती. कालच मी ती काढून टाकली होती.

"धन्य आहेस! जुनी परत आण, आणि सगळं नेटवरून नव्याने उतरव."

उतरणारी शेकडो अनोळखी नावं मी थकल्या डोळ्यांनी बघत राहिलो. माझ्या पदवीवरही एकच नाव आहे, आमच्या घरातलं पहिलं. मी अकरावीला तालुक्याला जाऊ लागलो, तेव्हा घरचं सांभाळायला ताईने शाळा सोडली. ते कुठल्याच कागदावर नाही. मीही ते कधी बोललो नाही.

पावणेतीनला लाल ओळ गेली. मी जिन्यात जाऊन ताईला फोन लावला.

"काय रे, कामाच्या वेळी? बरा आहेस ना?"

बरंच बोलायचं होतं. "जेवलीस का?" एवढंच विचारलं.