मोरीच्या कठड्यावरची रेंज

माझं काम ॲप तपासायचं. ऑफिस ठाण्यात, मी शहापूरला घरी बसून करते. ॲप बनवणारे चांगल्या वायफायवर ॲप बनवतात. वाईट नेटवर्कवर ते चालतं का, हे बघायला आमच्याकडे एक साधन असतं. फोन आणि सर्व्हरच्या मध्ये बसून ते खराब नेटवर्कचं सोंग आणतं. माहिती तुकड्या-तुकड्यांनी जाते. तुकडे किती उशिरा पोचवायचे, शंभरातले किती वाटेत हरवायचे, हे आकडे आपण भरायचे. आकडे चुकीचे असले तर सगळी तपासणी वाया. नव्या लोकांना हे मीच शिकवते.

गेल्या वर्षी एका संस्थेचं ॲप आलं. गरोदर बाया आणि तान्ह्या पोरांच्या नोंदी ठेवायचं. माझी धाकटी बहीण त्याच संस्थेत आरोग्यसेविका होती, वैशाखऱ्याच्या अलीकडच्या एका गावात. डोंगराकडचे चार पाडे तिच्याकडे. साधनात ‘मंद नेटवर्क’चे तयार आकडे असतात, पण ते कुठले कोणास ठाऊक. म्हटलं, आपण स्वतः मोजू.

मुरबाडहून एसटीनं गेले. बहिणीनं स्टॉपवरून थेट ओढ्याच्या मोरीवर, म्हणजे छोट्या पुलावर, नेलं. त्या गावात फोन लावायचा तर मोरीच्या कठड्यावर यायचं. घरातून निघताना बाया ‘रेंजला जाते’ म्हणतात.

कठड्यावर दोघी आधीच बसल्या होत्या. माझा लॅपटॉप बघून एक म्हणाली, “आता शहापूरसनं पण बाया येतात गो रेंजला.”

“सरक, पावणीला जागा दे,” दुसरी म्हणाली. “मोजून झाली का पिशवीत भरून नेल ती.”

मी दोन तास मोजलं. प्रत्येक आकडा तीनदा घेतला. निघताना बहिणीला विचारलं, “पाड्यावर जाऊन येऊ का?”

“तिथं रेंजच नाय. काय मोजशील?”

मला पटलं. भाकरी खाऊन पाचची एसटी पकडली.

घरी येऊन मोरीवरचे आकडे साधनात भरले. ॲप रखडलं, पण प्रत्येक नोंद पोचली. साधनात नेटवर्क पूर्ण तोडायचाही पर्याय असतो. त्यावर बोट नेलं होतं. नेटच नसेल तर ॲप उघडेल कोण, असं वाटलं आणि सोडून दिलं. अहवालात लिहिलं: ग्रामीण नेटवर्क, उत्तीर्ण.

ॲप आल्यावर संस्थेनं सेविकांच्या वह्या जमा करून घेतल्या. बहीण पाड्यांवर घरोघर बसून फोनमध्ये नोंदी करायला लागली. ‘जतन’ दाबलं की हिरवी खूण यायची. ती खूण नोंद जाण्याआधीच येत होती. मोरीवर फरक कळला नसता, कारण तिथे पाठोपाठ नोंद जायची. पाड्यावर ती फोनच्या तात्पुरत्या जागेत राहायची आणि ॲप बंद झालं की पुसली जायची. बहीण घरी येईपर्यंत बॅटरी संपायची, फोन बंद पडायचा. दीड महिन्यात तिची एकही नोंद पोचली नाही.

संस्थेच्या पर्यवेक्षिका बहिणीला म्हणाल्या, तुम्ही पाड्यांवर गेलाच नाहीत.

मी त्यांना फोन केला. शांतपणे बोलल्या. “ताई, तुमच्याच कंपनीचा अहवाल आहे माझ्यापुढे. ग्रामीण नेटवर्क, उत्तीर्ण. मग बाकी काय समजायचं?”

अहवाल मी लिहिला, असं मी सांगितलं. चूक माझी आहे, असंही सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, “बहीण आहे ना तुमची. समजू शकते मी.”

त्याच दिवशी साधनात नेटवर्क पूर्ण तोडून चाचणी लावली. पहिलीच नोंद गेली नाही, हिरवी खूण मात्र आली. चित्रांसकट अहवाल पाठवला. ॲप बनवणाऱ्यांचं उत्तर आलं, पुढच्या आवृत्तीत बघू. तोवर बहिणीचं काम गेलं होतं.

ती माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं होतं. मोरीवरून फोन करून एवढंच म्हणाली, “ताई, पाड्यावरच्या बाया विचारतात, आमची नावं लिवून नेलीस ती कुठं टाकलीस? काय सांगू त्यांना?”

सुधारित अहवाल मी तीनदा पाठवला आहे. नवी आवृत्ती आली. तिच्यात रंग बदललेत. मी पुन्हा नेटवर्क तोडून तपासते, पुन्हा खूण येते, पुन्हा नोंद जात नाही. जुना अहवाल मागे घ्या म्हणून लिहिलं, तर आमचे साहेब म्हणाले, मंजूर झालेला अहवाल मागे घेता येत नाही.

बहिणीच्या जागी गावातलीच दुसरी बाई आली. परवा तिनं माझा नंबर मिळवून मोरीवरून फोन लावला. “ताई, पाड्यावर खूण येते हिरवी. म्हणजे गेलं ना?”

“नाही,” मी म्हटलं. “वहीत लिहून ठेव.”

“वह्या नेल्या ना त्यांनी.”

“नवीन घे.”

“मग खूण कशाला देतात?”

तिला उत्तर देईपर्यंत फोन कटला.