अंबरपेठच्या घरात उतू गेलेलं दूध

आमच्या घरात लिंबू-मिरच्या आल्या त्या फक्त लोणच्यासाठी. दारावर कधी काही टांगलं नाही, कुणाची दृष्ट काढली नाही. मी स्वतः एका औषध कंपनीत क्वालिटी विभागात आहे आणि बावीस वर्षं चेकलिस्ट भरतेय. ज्याच्यापुढे टिक करता येत नाही ते मी रिपोर्टमध्ये लिहीत नाही. मैत्रिणीने या सदराची लिंक पाठवली तेव्हा दोन-तीन अनुभव वाचून मी खरं तर हसले होते. आज मीच लिहायला बसले आहे. माझं मराठी हैदराबादचं आहे, शाळेत चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

मी नंदिनी, वय सत्तेचाळीस. लग्न केलं नाही. आई आणि मी दोघीच राहतो, भाऊ पुण्याला असतो. आईला काचबिंदू आहे. दहा वर्षांपूर्वी उजवा डोळा गेला आणि चार वर्षांपूर्वी डावा. आता तिला फक्त उजेड आहे की नाही एवढं कळतं. पण चिक्कडपल्लीच्या आमच्या भाड्याच्या घरात कुणा पाहुण्याला हे सांगूनही खरं वाटायचं नाही. एकतीस वर्षं त्याच घरात राहिल्यामुळे तिच्या पायांना सगळं पाठ होतं. चहा स्वतः करायची, देवाला फुलं स्वतः वाहायची. दूध तर तिने कधी म्हणजे कधी उतू जाऊ दिलं नाही. वर येताना दुधाचा आवाज बदलतो म्हणे. मला डोळे असून तो कधी कळला नाही.

मागच्या वर्षी घरमालकांनी घर बिल्डरला दिलं आणि सहा महिन्यांत जागा सोडायला सांगितली. आता भाड्याचं नको, विकतच घेऊ असं भावाचं आणि माझं ठरलं. मी नेहमीप्रमाणे यादी केली. लिफ्ट, पाणी, जनरेटर, दवाखाना किती दूर, रिक्षा दारापर्यंत येते का. प्रत्येकाला गुण. आईला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? ती म्हणाली, "मला एकच पाहिजे बघ. संडासला एकटीला जाता आलं पाहिजे. बाकी कसं पण मकान घे."

मी ते यादीत 'आईची सोय' म्हणून लिहिलं. त्याला दहा गुण ठेवले.

पंधरा-सोळा घरं मी एकटीने पाहिली आणि शेवटी दोन उरली. एक अंबरपेठला, दुसरं मलकपेठला. किंमत जवळपास सारखीच होती, त्यामुळे पैशाचा प्रश्न मी यात आणत नाही. अंबरपेठचं घर दुसऱ्या मजल्यावर, जुन्या तीन मजली बिल्डिंगमध्ये, लिफ्ट नाही. मलकपेठचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, दोन लिफ्ट, जनरेटर, आणि हृदयाचा दवाखाना गाडीने सात मिनिटांवर. ही सात मिनिटं महत्त्वाची, कारण आईच्या हृदयात दोन स्टेंट आहेत.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी मी आईला अंबरपेठचं घर दाखवायला नेलं. दाखवायला म्हणजे... आम्ही असंच म्हणायचो. मालक राजय्या गारू (गारू म्हणजे आपलं 'राव'), तेलुगू, निवृत्त शाळामास्तर, बायको वारलेली. घर विकून विशाखापट्टणमला मुलाकडे जायचा त्यांचा विचार होता. आई बाविसाव्या पायरीपासून धापा टाकत वर आली. आत मात्र नेहमीसारखीच वागली. भिंतीला हात लावून, पाऊल घासत, मधेच थांबत. नव्या जागेत ती अशीच चालते. मी तोवर टेप काढून मापं घेत होते, कारण तिचा पलंग कुठे बसेल ते बघायचं होतं.

राजय्या गारू चहा ठेवायला उठले तर आई म्हणाली, मीच करते. स्वयंपाकघर वापरल्याशिवाय घर कळत नाही म्हणे. त्यांना गंमत वाटली, त्यांनी पातेलं, दूध, लायटर सगळं तिच्या हाताशी दिलं. मी गॅलरीत मापं लिहीत होते. जळक्या दुधाचा वास आला म्हणून आत धावले तर आई शेगडीसमोर शांत उभी आणि दूध पातेल्याच्या काठावरून ओट्यावर वाहत होतं. माझ्या आठवणीतलं तिच्या हातून उतू गेलेलं हे पहिलं दूध. मी गॅस बंद केला. "अगं, कळलं नाही का तुला?" तर म्हणाली, "कळलं की. जाऊ दिलं."

राजय्या गारू दारात उभे होते. मग हात जोडून आईला म्हणाले, "अम्मा, इल्लु मीदे अयिपोयिंदि." म्हणजे, घर तुमचंच झालं आता.

हे तुम्हाला माहीत असेलच, पण सांगते. नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू जाऊ देतात. आपल्यातही करतात, पण इथे तेलुगू लोकांत त्याचं फार. सामान नंतर आलं तरी चालेल, माणसं नंतर आली तरी चालेल, पण दूध उतू गेलं की तुम्ही त्या घरात शिरलात. बयाणा नाही, बोलणी नाही, आणि आमच्या आईने परक्याच्या घरात गृहप्रवेश उरकून टाकला होता. मला लाज वाटली. मी ओटा पुसायला फडकं शोधू लागले.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर पडली. भिंतीला हात नाही, पाऊल घासणं नाही. आठ पावलं सरळ, मग डावीकडे. खांद्याच्या उंचीवर दिव्याचं बटण होतं, ते हात न चाचपडता लावलं. संडास-बाथरूमला चार इंच खोल पायरी आहे, ती मी स्वतः मापं घेताना अडखळून शोधली होती. आई तिथे अलगद पाय खाली टाकून उतरली. पाय धुतले, बाहेर आली, बटण बंद केलं आणि म्हणाली, "हेच घे ग."

घरी येताना रिक्षात मी तिला विचारलं की पायरी कशी कळली. ती म्हणाली, आपल्या घरात पायऱ्या कोण मोजतं?

त्या रात्री मी गुण मांडले. अंबरपेठ एकसष्ट, मलकपेठ चौऱ्याऐंशी. भावाला फोन केला. तो म्हणाला, इमोशनल होऊ नको, दोन मजले चढून तिचं हृदय बंद पडलं तर काय करशील? माझंही तेच मत होतं. आईला सांगितलं तेव्हा ती भांडेल असं वाटलं होतं. ती भांडली नाही. "तू म्हणशील तसं" म्हणाली. मला सुटल्यासारखं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

मे महिन्यात मलकपेठला गेलो. आईच्या सुरक्षिततेसाठी मी गॅस घेतलाच नव्हता, इंडक्शन घेतलं होतं. चांगल्यातलं, दूध वर आलं की आपोआप बंद होणारं. गृहप्रवेशाला दूध ठेवलं. ते काठापर्यंत आलं, शेगडी टक् करून बंद झाली आणि दूध खाली बसलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, परत लावा. परत लावलं, परत तेच. मला दुसऱ्या दिवशी ऑडिट होतं, सामानाचे खोके अंगावर येत होते. पाटावर बसलेल्या आईने विचारलं, "गेलं का उतू?"

मी म्हणाले, "हो, गेलं."

तिने खोल श्वास घेतला. मग म्हणाली, "वास नाही आला ग." तेवढंच. नंतर तो विषय तिने काढला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती आपटायला लागली. सुरुवातीला मला काळजी वाटली नाही. नवीन घर आहे, महिनाभरात पाठ होईल. मी भिंतीला दोरी बांधली, वळणावर खरखरीत रबरी मॅट टाकल्या, टेबलांच्या कोपऱ्यांना फोम लावला. आई दोरी धरायचीच नाही. स्वयंपाकघरातून निघायची, सरळ चालायची, डावीकडे वळायची आणि कपाळ भिंतीवर. रोज त्याच जागी. भिंतीवर खांद्याच्या उंचीवर हात फिरवायची, जिथे काहीच नाही. सपाट फरशीवर मधेच पाय खाली टाकायची आणि तोल जायचा. चिक्कडपल्लीची सवय म्हणावी तर तिथे उजवीकडे वळावं लागायचं.

तीन आठवड्यांनी कागदपत्रं लावताना माझ्या हाती अंबरपेठच्या मापांचा कागद लागला. मी टेप घेऊन आईच्या मागे चालले. आठ पावलं. डावीकडे. पायरी. ती मलकपेठच्या घरात अंबरपेठच्या घरातून चालत होती.

इथपर्यंत मी समजू शकते. आवडलेलं घर डोक्यात बसलं, मेंदू हट्ट करतो, डॉक्टरही असंच काहीसं म्हणाले. मी दिवसभरासाठी एक बाई ठेवल्या. त्या हाताला धरून आईला संडासला नेऊ लागल्या, सुट्टीच्या दिवशी मी. आई एकूणच कमी बोलू लागली. दुपारी साडेतीनला खुर्चीत बसायची आणि साडेचारपर्यंत हाक मारली तरी ओ द्यायची नाही. म्हातारं माणूस, डुलकी लागते.

जुलैत राजय्या गारूंचा फोन आला. लिफ्ट नाही म्हणून घर विकलं गेलं नव्हतं, ते तिथेच एकटे राहत होते. अम्मा कशा आहेत, असं विचारलं. बऱ्या आहेत म्हटलं. ते घुटमळले, मग म्हणाले, "अम्मा दोपहर को किधर रहते?" घरीच, खुर्चीत, मी म्हणाले. का? ते म्हणाले, काही नाही, रोज चारच्या सुमाराला बाथरूममध्ये पाणी पडल्याचा आवाज येतो. बघावं तर फरशीवर ओली पावलं, बाथरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत. लहान पावलं. नळ गळत असेल असं मी सांगितलं, प्लंबरला दाखवा म्हटलं. ते हो म्हणाले.

ऑगस्टमधला एक शनिवार. मी आईसमोरच चार हातांवर टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसले होते. आई खुर्चीत. ती एकदाही उठली नाही, हे मी शपथेवर सांगू शकते. चारनंतर ती एकदम कळवळली आणि नडगी चोळायला लागली. "मधे काय ठेवलंय?" म्हणाली. मी साडी वर करून पाहिलं तर उजव्या नडगीवर आडवा ओरखडा, ताजा, रक्त उमटत होतं. तिच्या पायाशी काहीही नव्हतं. मी फोटो काढून ठेवला, वेळेसकट. सवय आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजय्या गारूंचा फोन आला. आदल्या दिवशी बल्ब बदलायला त्यांनी लाकडी स्टूल काढलं होतं आणि ते स्वयंपाकघराबाहेरच राहिलं होतं. चार वाजता ते धाडकन पडलं. खोलीत कुणी नव्हतं. मी आईच्या पायाबद्दल एक शब्द बोलले नव्हते. ते म्हणाले, "स्टूल मैं निकाल दिया, मॅडम. अब अम्मा को नहीं लगेगा."

मला भीती वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही. मी थँक्यू म्हणाले आणि फोन ठेवला. मग आईच्या पायाला मलम लावलं.

सप्टेंबरमध्ये आईला ॲटॅक आला. लिफ्टने खाली, गाडीत, नवव्या मिनिटाला दवाखान्यात. उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. भाऊ पुण्याहून आला, म्हणाला, बघ, अंबरपेठला असतो तर? त्याचं बरोबर आहे. माझी चेकलिस्ट बरोबरच होती. मी आजही त्या कागदावरचा एक आकडा बदलणार नाही.

ती घरी आल्यावर मी एक छोटी गॅसची शेगडी आणली. आईला जवळ बसवलं आणि एक लिटर दूध पूर्ण उतू जाऊ दिलं, जळून धूर होईपर्यंत. आईने मान वर केली. वास घेतला. मग म्हणाली, "कुणाकडे उतू गेलं ग?"

आपल्याकडे, आई, मी म्हणाले. ती "हौ का" म्हणाली, जसं शेजाऱ्यांबद्दल म्हणतात तसं. मला त्या वेळी रडू आलं. त्यानंतर आलेलं नाही.

मागच्या आठवड्यात राजय्या गारूंचा पुन्हा फोन आला. अंबरपेठचं घर विकलं गेलं. घेणारं कुटुंब तरुण आहे, ते स्वयंपाकघराची भिंत पाडून मोठा हॉल करणार आहेत, बाथरूमची पायरी भरून सपाट करणार आहेत. संक्रांतीनंतर काम सुरू होईल. राजय्या गारूंनी विचारलं, "अम्मा को बोले क्या?" सांगते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी आईला अजून सांगितलेलं नाही. काय सांगायचं तेच कळत नाही. या सगळ्याला स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर कळवा, पण मी फार आशा धरून नाही. सुट्टीच्या दिवशी दिवसभर आई मला हाक मारते. पाणी दे, बाथरूमला ने, हात धर. फक्त साडेतीन ते साडेचार ती मला हाक मारत नाही. संक्रांतीनंतर त्या वेळेला ती हाक मारेल का, आणि मारली तर कुठून, मला माहीत नाही.