कोलमाची जागा

तंजावरात मी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहतो, त्या अक्का रोज पहाटे मागच्या अंगणात तांदळाच्या पिठाचा कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, घालतात, तोही जुन्या विहिरीवरच्या तडकलेल्या फरशीवर. फरशी बदला म्हटलं की मान डोलावत, सूर लांबवत म्हणतात, "कोलमावर पाय ठेवतं का कोणी?"

पण दुपारपर्यंत मुंग्या ते पीठ नेतात. परवा नारळ उतरवायला आलेला माणूस भर दुपारी फरशीसकट आत गेला. दोराने वर ओढला, तेव्हा त्याचा पाय गुडघ्याखाली लोंबत होता. अक्का वाकून त्याच सुरात म्हणाल्या, "इतकी वर्षं येतोस, कोलमाची जागा ठाऊक नाही तुला?"

आज सकाळी मी दार उघडलं. माझ्या लाकडी जिन्याच्या मधल्या पायरीवर ताजा कोलम होता. खाली उतरायला दुसरी वाट नाही.